साहेबाच्या पत्रातला एक शब्द

मार्गशीर्ष वद्य ९, शके १७८६. अमरावती

कापूस घेणारा डेनिंग साहेब रोज हाफिस बंद करण्याआधी एका जाड वहीत काहीतरी लिहितो. परवा विचारलं, हिशेब का? म्हणाला, "हिशेब नहीं. दिन." दिवस लिहून ठेवतो म्हणे. मला ते आवडलं. आजपासून मीही लिहिणार. अक्षरं मी पंचविसाव्या वर्षी शिकलो, त्यामुळे वळण वाकडं आहे. पण वाचणारा मीच, तेव्हा तक्रार कोण करणार?

भातकुलीहून डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन येणारा मी नत्थू माळी कापसाच्या बाजारात नत्थुजी झालो, तो कानांच्या जिवावर. रुमालाखाली घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची बोटं भाव ठरवतात, तेव्हा बाकीचे दलाल त्यांची तोंडं पाहत बसतात. मी श्वास ऐकतो. विकणाऱ्याचा श्वास मोकळा झाला की समजायचं, सौदा पटला.

साहेबाची इंग्रजीही मी अशीच उचलली. वेट, ड्राय, डर्टी, टुमारो. पन्नासेक शब्द झाले असतील. वाचता एकही येत नाही. पण शब्द कोणत्या वेळी निघतो आणि निघताना साहेबाचं तोंड कसं होतं, हे ध्यानात ठेवलं की अर्थ आपल्या पायांनी चालत येतो.

सूर्यभानला हे जमत नाही. माझ्या पोराची हुशारी हातांत. डोळे मिटून कापूस चोळतो आणि कोणत्या शिवारातला ते सांगतो. साहेबाच्या मुंबईच्या कंपनीला कारवार बंदरावर असा माणूस पाहिजे होता. मी त्याचं नाव दिलं. कार्तिकात गेला, मुंबईहून पुढे आगबोटीने जाणार होता. त्याच्या मनात फारसं नव्हतं, लग्नाला दोनच वर्षं झालीत. पण कापूस विलायतेला जातो आणि पोरगं कारवारला जायला नको म्हणते, याला काय म्हणावं. असो.

पौष शुद्ध ६, मंगळवार

साहेबाने बोलावलं. म्हणाला, "नत्थुजी, बैठो."

चार वर्षांत या साहेबाने मला बस म्हटलेलं नाही. मी उभाच राहिलो.

मुंबईहून पत्र आलं आहे. कारवारला निघालेली आगबोट बंदराला लागली नाही. त्या दिवसांत समुद्रावर वादळ होतं. साहेबाने सावकाश वाचलं, मुनशीने त्याचं हिंदुस्थानी केलं. बोट, वादळ, उतारूंची नावं, त्यांत आमच्या पोराचं नाव, सगळं कळलं. शेवटच्या ओळीतला एक शब्द मात्र मी कधी ऐकला नव्हता. प्रिझ्यूम्ड. त्याच्यापुढे बुडण्याचा शब्द होता.

मुनशीला विचारलं, "म्हणजे काय?"

तो खाली पाहून म्हणाला, "मान लिया गया है, नत्थुजी."

"किसने माना?"

मी म्हटलं, हा शब्द मला नागरीत लिहून द्या. मुनशीला नागरी येत नाही, तेव्हा त्याने सांगितला तसा मीच चिठ्ठीवर लिहिला. चिठ्ठी बाराबंदीच्या आत ठेवली आहे.

पौष शुद्ध ७

काल घरी सांगितलं. माझी बायको गोदा पीठ मळत होती. हात परातीत तसाच राहिला, पीठ सुकलं तरी काढला नाही. सून दाराच्या आड होती. सत्यभामा माझ्याशी बोलत नाही, आमच्यात सून सासऱ्याशी तोंडावर बोलत नसते. काही सांगायचं तर गोदाला सांगते, नाहीतर अंगणातल्या वासराला सांगते आणि मी ऐकून घेतो. काल कुणालाच काही बोलली नाही.

मी दोघींना समजावलं. पत्रात मेला हा शब्द नाही. मी नीट ऐकलं आहे. एकच शब्द आहे आणि त्याचा अर्थ अजून लागायचा आहे. अर्थ लागेपर्यंत कुणी रडायचं नाही.

पौष शुद्ध १०

सरकारी शाळेच्या मास्तरांकडे गेलो. पुण्याचे आहेत, माणूस हुशार. मी ओसरीवर बसलो, ते झोपाळ्यावर.

चिठ्ठी वाचून म्हणाले, "गृहीत धरलेले. अहो नत्थुजी, हा शब्द तुम्हाला कुठे भेटला?"

"बाजारात," मी म्हटलं. "धरलेलं म्हंजे खरंच असते का जी?"

"खरं असतं तर धरायला कशाला लागलं असतं? पुरावा नसतो, तेव्हा धरतात."

"आन् पुरावा आला का सोडता येते?"

"येतं. न सोडून सांगता कोणाला?" मास्तर हसले. "तुम्ही वऱ्हाडी लोक शब्दाचाही भाव पाडायला बसता."

मीही हसलो. मघापासून त्यांना बोरं द्यायची विसरलो होतो, ती सगळी पाटी तिथेच ठेवली. येताना पाय हलके होते. घरी सांगितलं, सोडता येतं. गोदाने मान हलवली. सुनेने मला पाण्याचा तांब्या दिला. तांब्या हातात देण्याऐवजी उंबऱ्यावर ठेवते ती, आजही तसाच ठेवला, पण ठेवून क्षणभर थांबली. तिलाही धीर आला असणार.

पौष शुद्ध १५, गुरुवार. संक्रांत

बाया वाणाची सुगडं घेऊन घरोघर हिंडत होत्या. आमच्या आळीतली तानुबाई आली, तिने गोदाला कुंकू लावलं. मग सत्यभामेपुढे आली आणि करंडा हातात घेऊन उभी राहिली. लावू का नको, हे तिला कळेना. सून पाटावर मान खाली घालून बसली होती. पुढे झाली नाही, मागेही सरली नाही.

मी ओसरीवरून मोठ्याने म्हटलं, "आमच्या घरी सगळं होतं तसंच हाये, तानुबाई. लाव."

तिने बोट टेकवल्यासारखं केलं आणि निघून गेली. त्यानंतर एकही बाई आली नाही. आणलेली सुगडं दुपारपर्यंत कोपऱ्यात मांडलेली राहिली. नंतर सुनेने त्यातली बोरं आणि हरभरे वासरापुढे टाकले, म्हणाली, "खा व माय. तुले कोनी इचारत नाई तू कोन म्हनून."

वासरावर जीव आहे तिचा.

पौष वद्य ६

चार दिवस साहेबाच्या हाफिसात दारापाशी बसून आहे. काम काढून बसतो. तो शब्द बोलतो का, एवढंच ऐकतो. पहिल्या दिवशी बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून बोलू लागला, म्हणजे आधीही बोलत असेल, माझंच लक्ष नसेल.

एकदा चहाबद्दल बोलला. चहा झाला असेल असं धरलं, आणि झाला होता. ते खरं निघालं.

एकदा कारंज्याच्या गाड्यांबद्दल. गाड्या आल्या नाहीत म्हणजे आस मोडला असेल असं धरलं. दिवस मावळता गाड्या आल्या, एकीचाही आस मोडला नव्हता. गाडीवान वाटेत कुणाच्या लग्नात जेवायला बसले होते. साहेब चिडला. मी गाडीवानांना एकेक विडा दिला. ते मला येडा समजले असतील.

एकदा ओल्या कापसाबद्दल. मंगळवारपर्यंत वाळेल असं धरलं. वाळला नाही.

आणि आज माझ्याबद्दल. मला पाहून म्हणाला, तू बरा आहेस असं मी धरतो.

चारांत दोन खोटे निघाले. चौथ्याचं मी काही लिहीत नाही.

पौष वद्य ९

आज सोळा गाड्यांचा सौदा झाला. बाजारात कापसाला इतकी माणसं की पाय ठेवायला जागा नाही. साहेब दिवसभर तो शब्द बोलला नाही.

माघ शुद्ध ३

पंजाबराव पाटील आले. आमच्या जातीतलं थोरलं माणूस, पंचांत त्यांचा शब्द चालतो. तंबाखू मळत बराच वेळ कापसाचं बोलले. मग म्हणाले, "नत्थुजी, लोक इचारून राहिले."

"काय इचारते लोक?"

"सुतक धराव का नाई, ते. भाऊबंद हाये तुमचे. तुमी काही सांगत नाई."

मी चिठ्ठी काढली. मास्तरांचं सांगितलं, गाड्यांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते इंग्रजीचं मले नाई समजत, बाप्पा. आपल्यात दोन वाटा हाये. मानूस परगावी गेला आन् आला नाई, तं बापानं नदीवर उभं राहून तीन हाका माराव. ओ आली नाई तं गेला समजाव. दहा दिवस कराव, आन् बाईले मोकळं कराव. हाका मारायच्या नसंन तं बारा वर्सं वाट पाहाव. मधात तिसरी वाट नाई."

"बारा वर्षं," मी लगेच म्हटलं.

"सुनेले इचारलं?"

"तिचं कुंकूच तं राखून राहिलो, पाटील. आनखी काय इचारू?"

पंजाबराव तंबाखू तोंडात टाकून उठले. मला बरं वाटलं. कागद काही म्हणो, पोरीचं कुंकू मी राखलं. आता एकोणीस वर्षांची आहे, तेव्हा एकतीसची होईल. एकतीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे.

गोठ्यात वासराशी बोलत होती. "बारा वर्सात तुह्या नातीले बी नाती होतीन." हसून म्हणाली का कशी, ते पाठमोरी असल्याने दिसलं नाही. श्वास मात्र ऐकू आला. मोकळा नव्हता.

माघ शुद्ध १२

व्याही आले, अकोल्याहून. खुशालराव. मोर्णेकाठी त्यांचा भाजीचा मळा आहे. हातात कोबीचा गड्डा होता, तो त्यांनी जाईपर्यंत खाली ठेवला नाही.

"पोरीले न्याले आलो," म्हणाले.

"न्या ना. आठ दिवस माहेरपण होईन."

"माहेरपनासाठी नाई. तुमी मले एक सांगा, व्याही. माही पोरगी आज कोन हाये? सवाशीन हाये तं बाया कुंकू लावाले काहून भेतात? इधवा हाये तं तसं म्हना."

"पत्रात तसं लिहेलं नाई."

"पत्र साहेबाचं हाये. पोरगी माही हाये." आवाज चढवला नाही त्यांनी. "आपल्यात पाट लागते, बामनावानी जलमभर कोपऱ्यात बसाव नाई लागत. माह्या नजरेत एक घर बी हाये. दोन लेकरं हाये त्याले, माय नाई. मानूस गरीब हाये, पन चांगला हाये. पन त्यासाठी तो गेला असं तुमाले तोंडानं म्हना लागते. तुमी हाका मारत नाई तंवर मले काही करता येत नाई."

"जित्या माणसाच्या बायकोचा पाट लावता, खुशालराव?"

"जिता असंन तं मी त्याच्या पायावर डोस्कं ठेवीन. जावई होता माहा. पन्हाळी लावाले आला होता मळ्यात, माह्या हातातून खोरं घेतलं त्यानं." थोडा वेळ कोबीच फिरवत बसले. "तुमी त्याची वाट नाई पाहून राहिले. तुमी अर्थाची वाट पाहून राहिले."

मला राग आला. मी पाण्याचंही विचारलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. "शिवरात्र झाल्यावर येतो," म्हणाले आणि गेले.

माजघराच्या कोपऱ्यात सुनेच्या लुगड्यांचं गाठोडं बांधलेलं दिसलं. धुवायला काढलं असावं. संध्याकाळपर्यंत पुन्हा सोडून ठेवलं होतं.

माघ वद्य ५. अकोला

साहेबाच्या कामाने अकोल्याला आलो. खरं म्हणजे काम मीच मागून घेतलं. इथल्या डाकबंगल्याचा खानसामा गोव्याचा आहे, पास्कोल नावाचा, वीस वर्षं जहाजांवर होता असं ऐकलं होतं. हा शब्द समुद्राकडून आला, तर समुद्रावरच्या माणसाला विचारावं, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

पास्कोल मागच्या अंगणात कोंबडी सोलत होता. पांढऱ्या मिश्या, एक डोळा निळसर झालेला. मी शब्द उच्चारला तसा हात थांबला.

"किसका कागद आया तुमको?"

"बेटेका."

त्याने हात धुतले. मोडक्या हिंदुस्थानीत बोलत होता, मी माझ्या भाषेत उतरवतो. म्हणाला, "आमच्या घरीही आला होता. माझा भाऊ. सतरा वर्षं झाली."

मी त्याला मास्तरांचं सांगितलं. चहाचं, आसाचं, कापसाचं सांगितलं. चारांत दोन खोटे निघाले हेही सांगितलं.

पास्कोलने मान हलवली. "शेठ, चहाचा शब्द तो चहाचा. बोटीचा कागद वेगळा. बोट येत नाही तेव्हा कंपनी आधी दुसऱ्या बोटी पाठवते. बंदराबंदराला विचारते. कोळ्यांना विचारते. तोवर कागदात लिहिते, बोटीला उशीर झाला. मग लिहिते, खबर नाही. शोधणारी शेवटची बोट परत आली, आता कुणी शोधायला जाणार नाही असं ठरलं, की मग हा शब्द लिहिते. मी कप्तानाच्या टेबलाशी वाढायचो. तीन वेळा माझ्यासमोर लिहिला. लिहून झाला की कप्तान दौतीचं झाकण लावायचा."

"पण पाहिलं तर कुणी नाही ना, बुडताना?"

"नाही पाहिलं. म्हणून तर हा शब्द. पाहिलं असतं तर दुसरा लिहिला असता."

मी मग विचारलं, तुझ्या भावाला बायको होती का?

"आहे. रोज संध्याकाळी दर्यावर जाऊन उभी राहते. आधी आई बरोबर जायची. आई म्हणायची, कागदात मेला असं लिहिलेलं नाही. आई गेली. ती अजून जाते." त्याने पुन्हा कोंबडी हातात घेतली. "तेव्हा बावीस वर्षांची होती. तिला पाहायला दोन ठिकाणची माणसं आली होती. आईने परत पाठवली."

खानसामा दारू पितो असं लोक म्हणतात. अशा माणसाचं काय खरं धरायचं.

माघ वद्य ६. अकोला

सकाळी मळ्याकडून गेलो. खुशालराव वाफ्यात वाकले होते, मला पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही.

माघ वद्य ९. अमरावती

गोदाला पास्कोलचं सांगितलं. त्याच्या भावजयीचं तेवढं गाळलं. म्हटलं, तरी त्यालाही नक्की काही माहीत नाही, कारवारला एक पत्र टाकून पाहू, त्या बंदरावर—

"पुरे करा आता," गोदा म्हणाली. तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. "बाजारात कोनी अर्धा शब्द बोलला तं तुमाले पुरा समजते. ह्या एका शब्दाले दोन महिने लागले. काहून लागले ते मले मालूम हाये."

"काहून?"

"तो जात नव्हता."

एवढंच बोलली. सूप उचलून आत गेली.

आता लिहितोच. माझ्याच वहीत मी खोटं लिहिलं आहे. त्याच्या मनात फारसं नव्हतं असं लिहिलं. तसं नव्हतं. सूर्यभान माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला होता. म्हणाला, "बाबा, मले पान्याचं भेव वाट्टे. मुंबईपर्यंत जातो, पुढं नोका पाठवू." लहानपणी विहिरीत पडला होता, तेव्हापासून नदीतही गुडघ्यावर जात नसे. मी चार दलालांसमोर हसलो. साहेबाला शब्द दिला होता ना मी. म्हटलं, "बायकोच्या पदराशी बसाचं असंन तं तसं सांग." मग तो गेला.

तो मेला नसेल, तोवर मी त्याला पाठवलं एवढंच. मेला असेल तर मी त्याला पाठवलं.

हे लिहायला मला दोन महिने लागले.

माघ वद्य १४. शिवरात्र

सकाळी मी ओसरीवर बसलो होतो. सत्यभामा उंबऱ्यावर तांब्या ठेवायला आली. वासराकडे न पाहता, गोदाला हाक न मारता, मीच तिला विचारलं. सासऱ्याने सुनेशी असं बोलायचं नसतं. म्हटलं, "पोरी, तुले काय वाट्टे? तो हाये?"

पदर कपाळाच्या खाली होता. फक्त हनुवटी दिसत होती.

"ते नाई, मामाजी," ती म्हणाली. "ज्या दिवशी कागद आला त्याच दिवशी मले समजलं. तुमी उंबऱ्यात आले आन् चपला घालूनच घरात आले."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी रडू नोका म्हनलं."

दोन महिने. या घरात तिने दोन महिने नवऱ्यासाठी एक टिपूस काढलं नाही, माझ्या सांगण्यावरून. आणि मी दुसऱ्यांच्या श्वासांची पारख सांगत हिंडतो.

पंजाबरावांना आणि अकोल्याला निरोप धाडला.

फाल्गुन शुद्ध ३. भातकुली

पेढी नदीच्या काठी गेलो. पंजाबराव, खुशालराव, चार भाऊबंद. बाया मागे लांब उभ्या राहिल्या. नदीला आता धार बारीक आहे, मधे डोह. पलीकडच्या काठावर पळस फुलला आहे, त्याच्याखाली कुणाच्या म्हशी.

समुद्राच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं. मी विचारलं, समुद्र कुणीकडे? कुणालाच माहीत नव्हतं. पंजाबरावांनी मावळतीकडे हात केला.

पहिली हाक मारली. "सूर्यभान, ये." बाजारात मारतो तशी निघाली, खणखणीत. एका म्हशीने मान वर केली. आम्ही थांबलो. काही नाही.

दुसरी हाक मारली. ती माझ्या कानांनाही नीट ऐकू आली नाही. खुशालरावांनी डोळे मिटून घेतले.

तिसरीसाठी तोंड उघडलं आणि शब्द येईना. पंजाबराव म्हणाले, "मारा, नत्थुजी." मी पुन्हा उघडलं. जे आलं ते हाक नव्हतीच. "मी धाडलं," मी म्हटलं. "त्याले पान्याचं भेव होतं. मी धाडलं." ते डोहाकडे पाहून म्हटलं की भाऊबंदांना, मला ठाऊक नाही. मी खाली बसलो. तिसरी हाक राहिली. तीन पुऱ्या झाल्याशिवाय काहीच झालं नाही असं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सत्यभामा पुन्हा तशीच राहणार, मधेच.

तेवढ्यात माझ्या मागून कुणी चालत पुढे गेलं. तीच होती. पदर खांद्यावर पडलेला, तोंड उघडं. दोन वर्षांत मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. ती धारेत पावलं बुडेपर्यंत गेली आणि तिने हाक मारली.

"सूर्यभान."

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. त्या नावाचा दुसरा कुणी भेटला तरी त्याला वेगळ्या नावाने हाक मारते. हिने नुसतं नाव घेतलं, पुढे ये म्हटलं नाही, आणि शेताच्या त्या टोकाला कुणी काम करत असावं आणि भाकर आणली आहे म्हणून सांगावं, तशी हाक मारली. लांब, सरळ. पलीकडून काही आलं नाही. ती पुरेसा वेळ थांबली. मग वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि आपल्या हातांनी कपाळ पुसलं.

भाऊबंदांतला एक जण म्हणाला, "हाक बापानं माराव लागते. बाईची चालत नाई."

गोदा मागून म्हणाली, "तीन झाल्या. मी मोजल्या."

पंजाबरावांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिलं. "झाल्या," म्हणाले.

मग सत्यभामा रडली. तिथेच पाण्यात बसली आणि रडली. गोदा तिच्याजवळ जाऊन बसली. आम्ही पुरुष पाठ फिरवून उभे राहिलो. मला सगळं ऐकू येत होतं.

फाल्गुन शुद्ध १३. अमरावती

साहेबाने विचारलं, मुंबईला उत्तर काय लिहू? म्हटलं, लिहा, आमचा मुलगा मेला, आम्ही त्याचं केलं. मुनशीने सांगितलं. साहेबाने मला बस म्हटलं. बसलो.

फाल्गुन वद्य २

दहावं-तेरावं झालं. खुशालराव बैलगाडी घेऊन आले. गोदाने सुनेच्या लुगड्यांचं गाठोडं स्वतः बांधून गाडीत ठेवलं. वर सूर्यभानची एक पासोडी घातली होती. सत्यभामेने ती काढून गोदाच्या हातात दिली. गोदाने पुन्हा गाडीत ठेवली. तिसऱ्यांदा कुणी काढली नाही.

निघताना सून माझ्या पाया पडली. सवाशिणीला देतात तो आशीर्वाद देता येत नव्हता, आणि दुसरा कोणता द्यायचा ते मला कुणी शिकवलं नाही. मी हात तिच्या डोक्यावर ठेवून तसाच उभा राहिलो. बैलांनी दोनदा मान झटकली.

शेवटी तीच बोलली. "मामाजी, येळेवर जेवत जा. माय तुमच्यासाठी थांबते."

"हाव," मी म्हटलं.

खुशालरावांनी गाडी हाकली. वेस ओलांडेपर्यंत चाकांचा आवाज येत होता, मग बाजाराच्या गलक्यात गेला.

गोदाने दोन ताटं वाढली होती. बसलो. ती बसली. दोघंही जेवलो.